पाठमोरी

‘चित्र उत्तम उतरलंय. फक्त उजव्या कानामागचा भाजल्याचा डाग राहून गेला,’ ओगल्यांनी लिहिलं होतं.

भीमरावांनी पत्र खाली ठेवलं. चित्र त्यांच्या बायकोचं होतं. जयाला जाऊन तीन वर्षं झाली होती. हाक ऐकून मान वळवून मागे पाहणारी जया त्यांनी निव्वळ आठवणीतून रंगवली होती आणि चित्राचा फोटो ओगल्यांना धाडला होता. डाग त्यांनी मुद्दामच गाळला होता. तो तिने जन्मभर अंबाड्याखाली झाकला. शेजारणींनासुद्धा ठाऊक नव्हता. मग या माणसाला कसा ठाऊक?

श्रीरंग ओगले म्हणजे पुण्यातल्या बड्या घरांचे चित्रकार. पूर्वी कारखानदार, आता बिल्डर आणि सॉफ्टवेअर कंपन्यांचे मालक त्यांच्याकडून बायकांची तैलचित्रं करून घेत. भीमराव टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, धायरीच्या फ्लॅटच्या गॅलरीत बसून हौसेने रंगवणारे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी भीतभीत एक पत्र टाकलं आणि चक्क चार पानी उत्तर आलं. सगळं जग ईमेलवर गेलं, हे दोघे मात्र शाईने लिहीत राहिले. भेट कधी झाली नाही. ‘तुमच्याशीच तेवढं चित्रांबद्दल बोलता येतं,’ असं ओगल्यांनी एकदा लिहिलं, तेव्हा भीमराव दिवसभर हवेत होते.

त्या दुपारी त्यांनी सगळी पत्रं काढली आणि पोलिसाच्या नजरेने वाचली. ‘घरी कोण कोण असतं?’ हे दुसऱ्याच पत्रात कशाला विचारलं? जया गेल्याचं कळवल्यावर सांत्वनाची एकच ओळ का? एवढा मोठा माणूस आपल्यासारख्याला लिहितोच का, हा प्रश्न त्यांना आजवर शिवला नव्हता. आता त्याचं एकच उत्तर दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसने डेक्कनला उतरून त्यांनी भांडारकर रस्त्यावरच्या बंगल्याची बेल वाजवली. दार खुद्द ओगल्यांनी उघडलं. नाव ऐकताच त्यांचा चेहरा खुलला.

“अहो, या, या! आपण येताय हे कळवायचं तरी!”

“कळवलं असतं तर आवराआवर केली असतीत,” भीमराव म्हणाले.

ओगल्यांना ते समजलं नाही. ते पाहुण्यांना थेट स्टुडिओत घेऊन गेले. समोर एका कंपनीमालकाच्या पत्नीचं अर्धवट चित्र उभं होतं. चेहरा नुसता रेखलेला, मान मात्र पुरी झालेली. ती लांब, किंचित डावीकडे कललेली मान भीमरावांनी पंचवीस वर्षं स्वयंपाकघराच्या दारातून पाहिली होती. भिंतीवर आणखी चार बायकांची चित्रं होती. चौघींना तीच मान.

“माझ्या बायकोला कधीपासून ओळखता?” भीमरावांनी विचारलं.

ओगले हळूच खुर्चीत टेकले. “म्हणजे त्या जयाबाईच. माझी खात्री होत नव्हती, म्हणून डागाचं लिहून पाहिलं. त्या लग्नाआधी चित्रकलेच्या कॉलेजात कामाला होत्या ना?”

“झाडलोटीला.”

“सकाळी झाडलोट, आम्ही मुलं यायच्या आत. दुपारी आमच्या वर्गात बसायच्या, मॉडेल म्हणून. अशी मान मला पुन्हा दिसली नाही. तेव्हाची रेखाटनं समोर ठेवूनच मी आजवर नाव कमावलं. तुमच्या चित्रात डाग नव्हता, तरी मान ओळखली.”

“तिनं मला हे कधी सांगितलं नाही. आणि तुम्ही तिला दोन-दोन तास न्याहाळत बसायचात!”

“पाठीमागून,” ओगले म्हणाले. “केस वर बांधून, भिंतीकडे तोंड करून बसेन, ही त्यांची अट होती. रस्त्यात कुणी ओळखायला नको. तास संपला की आधी आम्ही बाहेर पडायचं, मगच त्या उठायच्या. दोन वर्षांत ती अट कुणी मोडली नाही.”

ओगल्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

“तीस वर्षं मी त्यांची मान रंगवतोय, भीमराव. चेहरा पहिल्यांदा पाहिला तो परवा. तुम्ही काढलात म्हणून.”