सहासष्ट सेंटिमीटर

शनिवार, १४ जून. सकाळचे दहा वाजून पाच मिनिटे. तिसऱ्या मजल्यावरच्या अरुंद बोळात पाच खुर्च्या होत्या: चार घडीच्या, एक चाकांची.

सलोखा समितीची बैठक एरवी तळमजल्यावर भरत असे. परंतु जिच्यासाठी ही बैठक होती, तिलाच घराबाहेर पडता येत नव्हते. म्हणून बैठकच जिना चढून तिच्या दारी आली होती. ती उंबरठ्याशी, चाकांच्या खुर्चीत बसली होती. दाराच्या उजव्या हाताला, लिफ्टच्या वाटेवर, शेजारच्या घड्याळजीचे कपाट उभे होते. दुकान बंद करून ते त्याने इथे आणले, त्याला एक्केचाळीस दिवस झाले होते.

समितीच्या बाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांचा नियम एकच: आधी समोरच्याची अडचण आपल्या तोंडाने सांगायची, त्याने मान डोलावली की मगच आपली.

सुरुवात तिच्या नवऱ्याने केली. तो जन्मभर ड्राफ्ट्समन. बैठकीला येताना पोलादी टेप आणि प्रमाणबद्ध नकाशा घेऊन आला होता. त्याने सांगितले की घड्याळजीचे दुकान गेले, त्याची लेक दोन मुलांना घेऊन माहेरी आली, घरात स्टूल ठेवायलाही जागा उरली नाही. कपाटात चाळीस वर्षांचे सुटे भाग आहेत, ते भिंतीच्या ओलीने गंजू नयेत म्हणून मागे लाकडी पट्ट्या ठोकून कपाट पुढे घेतले आहे. घड्याळजीने मान डोलावली.

मग घड्याळजीची पाळी आली. तो नवऱ्याकडे न पाहता तिच्याकडे वळला.

“वहिनी, माझ्या कपाटाला जागा मिळाली आणि तुमची गेली. रोज तुमच्या दारावरून मी मान खाली घालून जातो. चुकलंच माझं.”

त्याच्या बायकोने डोळे पुसले. बाईंनी नकाशा मागवला.

नवऱ्याने तो सर्वांच्या गुडघ्यांवर पसरला. बोळ एकशे पंचवीस सेंटिमीटर. कपाट एकोणसाठ, मागच्या पट्ट्या सहा. वाट उरते साठ. खुर्ची चौसष्ट. पट्ट्या काढल्या तर वाट सहासष्टची होते. “म्हणजे दोन्ही बाजूंना पुरता एकेक सेंटिमीटर मोकळा,” तो म्हणाला. कोणाला जमीन वाटून द्यावी तसा त्याचा सूर होता.

“भावजी भाजी चिरतानासुद्धा पट्टी लावत असतील,” घड्याळजीची बायको म्हणाली. सगळे हसले. तीही हसली.

बाईंनी मग तिला विचारले, तुम्हाला काय हवे आहे. उत्तराचे वाक्य तिने चार दिवस मनात घोळवले होते: मला एकटीने खाली जायचंय. नवरा दूध आणायला गेला की ती घरातल्या घरात फेऱ्या मारी; दंड चांगले भरले होते. लिफ्टने उतरायचे, फाटकापर्यंत जायचे आणि रस्ता बघत बसायचे. मागून कोणी “वारा लागतोय का” असे विचारायला नको. एवढेच.

नवरा पुढे झुकून ऐकत होता. या नकाशासाठी तो पहाटे पाचला उठला होता.

“मला खाली जायचंय,” ती म्हणाली. एक शब्द तिने गिळला.

घड्याळजी लगेच उठला. त्याने स्वतःच्या हाताने पट्ट्या उपसल्या आणि दोघा पुरुषांनी खांदा लावून कपाट भिंतीला भिडवले. आता ओल थेट सुट्या भागांपर्यंत पोचणार होती. त्याची बायकोच हळू म्हणाली, “गंजले तर गंजले.”

तिने चाकांच्या बाहेरच्या कड्यांवर दोन्ही हात ठेवले आणि जोर दिला. खुर्ची वाटेत बरोबर शिरली; नकाशात तसूभरही चूक नव्हती. मात्र नकाशात हात नव्हते. डावी बोटे भिंतीवर खरचटली, उजवी कपाटाच्या बिजागरीला घासली. तिने मुठी सोडून बोटांच्या टोकांनी रेटून पाहिले. खुर्ची चार अंगुळे सरकली आणि थांबली. तिला ना पुढे जाता येईना, ना मागे.

“अगं, हात मांडीवर घे,” मागून नवरा म्हणाला. “मी आहे ना. आता रोज नेत जाईन.”

तिने हात मांडीवर घेतले. खुर्ची कुठेही न अडता लिफ्टच्या दारापर्यंत गेली. घड्याळजीने टाळी वाजवली.

बाईंनी वही उघडली. “आणखी कोणाची काही तक्रार?” त्यांनी एकेकाकडे पाहत विचारले.

घड्याळजी उपसलेल्या पट्ट्या काखेत धरून तसाच उभा होता. कित्येक दिवसांनी त्याची मान वर होती. नवऱ्याचा हात खुर्चीच्या पाठीवर, तिच्या मानेला लागून होता. तिने तोंड उघडले.

“काय गं?” त्याने वाकून विचारले.

“काही नाही,” ती म्हणाली आणि खरचटलेली बोटे तिने दुसऱ्या तळव्याखाली झाकली.

तिचीही सही झाली. बाईंनी ठसठशीत अक्षरात नोंद केली: बैठका एक, सह्या चार, वाद मिटल्याची वेळ अकरा वाजून वीस मिनिटे, शिल्लक तक्रारी शून्य.