ओळख द्यायची नाही

आमच्या फनिदक गावची पोरं समुद्र पोहून पलीकडे स्पेनच्या हद्दीत जातात. तिथून पोलिसांचा फोन आला तर आईनं ओळख द्यायची नाही, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना पाठ आहे. ओळख दिली, की पोराला परत पाठवतात.

परवा माझा फोन वाजला. शेजारची रहमा कानाशी पुटपुटत होती, "नाही म्हण गं, नाही म्हण!"

"बाई, चौदा वर्षांचा अयमन तुमचाच मुलगा ना?"

"मला मुलगाच नाही, साहेब," मी ठसक्यात सांगितलं. रहमानं माझी पाठ थोपटली.

तिकडे साहेब फोन धरूनच कुणाला तरी म्हणाले,



"ऐकलंस ना, बाळा? आणि तू तीन दिवस हट्ट धरून बसलास, की आईला फोन लावा, मला घरी जायचंय!"