आठवणीची मूळ प्रत

"आठवणीची झेरॉक्स चालत नाही," प्रवेशखिडकीतल्या बाईंनी मान वर न करता मृण्मयीला सांगितलं. "ओरिजिनल जमा करा. चार वर्षांनी परत मिळेल."

बाकावरच्या कुमुदआत्याला त्यात नवल वाटलं नाही. कॉलेजं दाखला ठेवून घेत, तशी आता आठवण ठेवून घेत होती. गडकिल्ले, रक्तदान, गिटार असल्या आठवणी तर ज्याच्या त्याच्या डोक्यातून ढिगाने निघत. त्यांना कोण गुण देणार? मृण्मयीकडे उठून दिसेल असं एकच होतं. अर्धांगवायूने वाचा गेलेल्या आत्याला तिने दोन वर्षं रोज शेजारी बसून बोलायला शिकवलं होतं. ते बोबडे बोल घरात तिला एकटीलाच कळत. तिची आई, म्हणजे वहिनी, आत्या बोलू लागली की टीव्हीचा आवाज वाढवी.

"देऊ ना गं आत्या?" पोरीने काल तीनदा विचारलं होतं. आत्याने तिन्ही वेळा "दे" म्हटलं होतं, आणि तो शब्द तेवढा स्वच्छ उमटला होता.

अर्ध्या तासाने मृण्मयी आतल्या खोलीतून पावती नाचवत बाहेर आली. "मिळाली सीट."

आत्याने तिचा हात धरला आणि जीव एकवटून विचारलं, "चार वर्षं टिकेन ना गं मी?"

मृण्मयीने कान पुढे केला, पण काही उमगेना. तिने बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या आईकडे पाहिलं. "काय म्हणतेय आत्या?"

"पाणी मागत असेल," वहिनी म्हणाली.

पोर गुणाची, धावत जाऊन बाटली घेऊन आली. आत्याला तहान नव्हती. तरी तिने सगळं पाणी संपवलं.