गाळलेलं कडवं

वडगावच्या बेकरीत चावीचं घड्याळ होतं, पण भट्टीवाला कोंडीबा पाव भाजायचा अभंगावर. भट्टीचं दार लावून अभंग धरायचा, संपला की दार उघडायचा. आज मात्र सप्ताहात गाऊन त्याचा घसाच बसलेला! बाहेर मंगळवेढ्याची एसटी हॉर्न देत होती. ही गाडी चुकली तर तिथला हॉटेलवाला उद्यापासून दुसरीकडून पाव घेणार होता. "अरे देवा, घड्याळ बघ की!" मालक महिपती कावला. "घड्याळाला आच कळती व्हय?" कोंडीबा घोगरं पुटपुटला. शेवटी महिपतीनंच भसाड्या आवाजात घाईघाईनं अभंग उरकला. तो दार उघडायला गेला, तर कोंडीबा आडवा आला. "मधलं कडवं गाळलंत, मालक. पाव कच्चा हाय." महिपतीनं कपाळावर हात मारला. "गाडी चालली रं, बाबा!" तेवढ्यात हॉर्न थांबला. कंडक्टर टाळ्या वाजवत, गाळलेलं कडवं म्हणतच आत शिरला.