जुने दाखवा, नवे घ्या

बायको दैवशालाच सेफ्टी स्टोअर सांभाळते म्हटल्यावर जुने हातमोजे जमा न करता नवे मिळतील, असा रामहरीचा हिशेब होता. तामलवाडीच्या गोदामात हातमोज्यांशिवाय लोखंडी पत्रे उचलू देत नाहीत, हजेरीच बुडते. खिडकीत मान वर न करताच दैवशाला म्हणाली, "जुने दाखवा, नवे घ्या." "अगं, घरचाच माणूस हाय की मी." "इथं तुमी फकस्त हमाल. कुठं हरवले?" मागची रांग हसली. रामहरी वाकून पुटपुटला, "घरी गॅसपाशी हायेत. पातेलं उतरवताना तुझा हात भाजायचा, म्हणून टाकाऊ हायेत सांगून तुला दिले." दैवशालानं क्षणभर त्याच्याकडं बघितलं आणि स्वतःच्या वाट्याचा जोड पुढं सरकवला. "उद्या जुने जमा करते." "मग पातेलं?" "नवे घालून तुमीच उतरवा." गोदामाचं काही गेलं नाही, दैवशालाचा जोड गेला, रामहरीची हजेरी आता गॅसपाशीही लागते.