फॅक्सची पोच

फोन वाजला. तिने नंबर बघितला, रिसीव्हरला हात न लावता टेबलाच्या कडेला असलेल्या मशीनचं हिरवं बटण दाबलं आणि पुन्हा कागदात डोकं घातलं. मशीनने लाइन घेतली. कानठळ्या बसवणारी शिट्टी सुरू झाली, थोड्या वेळाने थांबली.

"कोण होतं?" नवऱ्याने आतून विचारलं.

"राँग नंबर."

तो काय ते समजला. हात पुसत दारात येऊन उभा राहिला. "अगं, कान फाटतील सासरेबुवांचे."

"फाटू देत. नाहीतरी ऐकायला कधी वापरलेत त्यांनी?"

शब्द बाबांचेच होते. तिने मनासारखं लग्न केलं त्या दिवसापासून, तिचा आवाज ऐकला की बाबा "राँग नंबर" म्हणायचे आणि फोन ठेवायचे. जन्म तार ऑफिसात गेलेला माणूस, शब्द तोलूनमापून वापरायची सवय. आई शेवटच्या दुखण्यात होती तेव्हाही तिने फोन केला होता. "एकदा फक्त तिच्या कानाला फोन लावा," म्हणाली होती. तेव्हाही "राँग नंबर"च. आई गेल्याचं तिला बाबांच्या शेजारच्या काकूंनी कळवलं, तेही सगळं उरकल्यावर.

आणि आता त्याच काकूंकडून नंबर मिळवून बाबा फोन करत होते. करू देत! विम्याच्या कामासाठी तिने हे मशीन घरी आणलं होतं. ते प्रिंट काढायचं, झेरॉक्स काढायचं, फॅक्स घ्यायचं आणि पाठवायचं. पण मशीनचे पैसे खऱ्या अर्थाने वसूल झाले ते बाबांचा पहिला फोन आला त्या दिवशी. बोलायला तोंड उघडावं आणि समोरून किंचाळी यावी, हे कसं लागतं ते कळू दे की त्यांनाही. बटण दाबलं की तिला इतकं बरं वाटायचं, की त्या दिवशी ती दोन घास जास्तच जेवायची.

पण तार ऑफिसातलाच माणूस तो. शिट्टी ऐकून ऐकून त्याच्या डोक्यात प्रकाश पडला असावा, की ही लाइन बोललेलं ऐकत नसली तरी लिहिलेलं घेते.

एका दुपारी ती कुणाच्या तरी अपघाताच्या कागदांची वाट बघत बसली होती. मशीन गुरगुरलं आणि एक कागद सरकत बाहेर आला. कोरा. फक्त वरच्या कडेला मुंगीएवढ्या अक्षरांत तारीख, वेळ, पाठवणाऱ्याचा नंबर आणि नाव. बाबांच्या गल्लीच्या तोंडाशी असलेलं झेरॉक्सचं दुकान.

तिने कागद उलटापालटा केला, उजेडासमोर धरला. शेवटी न राहवून दुकानात फोन लावला.

"हो हो, आजोबा येऊन गेले ना," दुकानदार म्हणाला. "कितीतरी वेळ बाकावर बसून लिहीत होते. आणि लिहून लिहून किती, तर दोन ओळी! मी म्हटलं, आणा, मी घालतो मशीनमध्ये. तर मलाच म्हणाले, खासगी आहे, तुम्ही तिकडे तोंड करा. का हो, कोरा आला की काय? मग लिहिलेली बाजू वर करून घातली असणार. आमच्याकडे ती खाली करावी लागते."

"तो कागद आहे का तिथे?"

"कसला असतोय! तिथल्या तिथे फाडून तुकडे खिशात टाकले. पोच मात्र मागून घेतली. 'गेलं एकदाचं' म्हणाले. फार खूश होते हो."

तिने फोन ठेवला. दोन ओळी. काय असेल त्यात? 'चुकलो' असेल? त्या माणसाच्या हातून तो शब्द उमटला असेल? त्या एका शब्दासाठी ती इतकी वर्षं झुरली होती, आणि तो आला तोसुद्धा तिच्याकडे पाठ करून.

"सरळ सांग ना त्यांना, कोरा आला म्हणून," नवरा म्हणाला. "पुन्हा लिहितील."

"मी सांगू? मी फोन करू?"

तो पुन्हा आत गेला.

संध्याकाळी फोन वाजला. तोच नंबर. तिचं बोट सवयीने हिरव्या बटणावर गेलं, थबकलं, आणि तिने रिसीव्हर उचलला. पलीकडे बाबा शिट्टीच्या तयारीत असावेत.

"मिळालं?" त्यांनी विचारलं.

"मिळालं."

"वाचलंस?"

कोरा कागद तिच्यासमोरच होता. 'नाही' म्हटलं असतं तर त्यांना ते तोंडाने सांगावं लागलं असतं.

"वाचलं," ती म्हणाली.

"मग?" बाबांनी आणखी शब्द खर्च केले. "मग काय म्हणतेस, बाळ?"

त्या 'बाळ'ने ती विरघळली. आणि विरघळली म्हणूनच तिला स्वतःचा भयंकर राग आला. आईचा न ऐकलेला आवाज तिच्या कानात भणभणायला लागला.

"राँग नंबर," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

वार नेमका बसल्याचं समाधान होतं. चांगला कागद वाया कशाला घालवायचा म्हणून तिने तो मशीनच्या ट्रेमध्ये परत घातला. रात्री उठून पुन्हा बाहेर काढला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती बटणापाशी हात ठेवून बसली. फोन वाजला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मशीननेच काही बिघाड केला असेल म्हणून तिने रिसीव्हर उचलून कानाला लावला.

लाइन चालू होती.