नावाजलेली भिंत

कॅनडातल्या एडमंटनमध्ये हिवाळ्यात पारा उणे तीसपर्यंत उतरतो. तरी ठेकेदार वेंडेल कोझॅकने बांधलेल्या नव्या घराच्या भिंतींत थंडी अडवणारं इन्सुलेशन निम्मंच भरलं होतं. तपासणी फोनवर, व्हिडिओ कॉलने होणार होती. वेंडेल फोन घेऊन गुपचूप शेजारच्या बांधकामात शिरला आणि तिथल्या भिंती दाखवू लागला.

"वा! बोट शिरायलासुद्धा फट नाही," इन्स्पेक्टर लॉरेन म्हणाली.

"आमचं काम असंच असतं, मॅडम."

"असणारच. सकाळपासून तुमच्या गल्लीतल्या तीन ठेकेदारांनी मला हीच भिंत दाखवली. आता खरं सांगा, हे घर आहे तरी कुणाचं?"

वेंडेल ओशाळला.

"पाव्हलोचं. तोही आमच्यासारखा ठेकेदारच आहे, मॅडम. पण या घरात तो स्वतः राहायला येणार आहे ना!"